चर्वण आणि त्याचे मोजमाप

संस्कृत काव्यशास्त्राने ‘चर्वणा’ हा शब्द जेवणाच्या पानावरून उचलला आणि रसविचाराच्या केंद्रस्थानी नेऊन ठेवला. अभिनवगुप्ताच्या मते रस ही चर्वणेपूर्वी सिद्ध असलेली वस्तू नव्हे. चर्वणा चालू असते तोवरच त्याचे अस्तित्व. या रूपकाचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. ज्या शारीरिक क्रियेवर ते आधारलेले आहे ती क्रियाही काही कमी गुंतागुंतीची नाही.

प्रौढ माणसाच्या मुखात अक्कलदाढा धरून 32 दात असतात. पटाशीचे दात तुकडा तोडतात, सुळे पकड घेतात, उपदाढा व दाढा भरडतात. परंतु दाढांना केवळ जाते मानणे अपुरे ठरेल. जात्यात वैरण घालणारा हात हवा, आणि तो हात म्हणजे जीभ व गाल. जबडा उघडला की निसटलेले कण पुन्हा दाढांवर लोटण्याचे काम ही दोघे करतात. वरचा जबडा स्थिर असतो. खालचा वरखाली आणि आडवाही फिरतो. या हालचालीची लय मस्तिष्कस्तंभातील चेतापेशी राखतात, म्हणूनच माणूस बोलण्यात किंवा विचारात गुंतलेला असतानाही चावणे चालू राहते. दातांच्या मुळांभोवतीचे संवेदक घासाचा टणकपणा क्षणोक्षणी कळवीत असतात. भातात खडा लागताच जबडा थबकतो तो यामुळेच.

घास गिळावा केव्हा? कण बारीक झाले एवढे पुरेसे नसते. लाळेने ते एकमेकांना चिकटून गोळा तयार व्हावा लागतो. प्रिन्झ व ल्यूकस यांनी 1997 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार हा गोळा सर्वाधिक एकजीव असतो ती वेळ गिळण्यास योग्य. त्यानंतरही चावत राहिल्यास अधिक लाळेने तो विस्कटू लागतो. अन्न पातळ होईपर्यंत चावण्याचा आग्रह धरणारा अमेरिकन प्रचारक होरेस फ्लेचर (1849–1919) किंवा घरोघरी सांगितला जाणारा ‘बत्तीस वेळा चावा’ हा नियम, दोन्हींना या दृष्टीने फारसा आधार उरत नाही. केळे आणि भाकरी यांना एकच संख्या कशी लागू पडावी?

चर्वणक्षमता मोजण्याची जुनी रीत चाळणीची आहे. मॅन्ली व ब्रॅली यांनी 1950 मध्ये शेंगदाणे ठरावीक वेळा चावावयास देऊन तो चोथा चाळला व किती भाग चाळणीतून खाली जातो हे पाहिले. शेंगदाण्याचा टणकपणा सारखा नसतो, म्हणून पुढे दातांचा ठसा घेण्याच्या सिलिकोनचे एकसारखे तुकडे वापरात आले. गमतीची गोष्ट अशी की, कणांच्या आकाराचे गणित करण्यासाठी जे सूत्र योजले जाते, ते रोझिन व रॅमलर यांनी 1933 मध्ये दगडी कोळशाच्या भुकटीसाठी मांडले होते! दुसरी रीत दोन रंगांच्या च्युइंगगमची. रंग किती मिसळले यावरून अंदाज बांधतात. येथे भरडण्यापेक्षा मिसळण्याची, म्हणजे जिभेची, परीक्षा अधिक होते. तेव्हा एका रीतीचा निष्कर्ष दुसरीवर सरसकट लादणे योग्य नव्हे.

खरा पेच वृद्धांच्या बाबतीत पडतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दैवाविषयी असली, तरी तिचा शब्दार्थही अनेकांना भोगावा लागतो. दात गेलेला माणूस बहुधा त्या प्रमाणात अधिक वेळ चावत नाही. जाडसर घासच गिळतो. शिवाय कवळी वापरणारा आपल्याला नीट चावता येते असे सांगतो, आणि चाळणी मात्र वेगळेच सांगते. तो खोटे बोलत नसतो. टणक पदार्थ त्याच्या पानातून हळूहळू नाहीसे झालेले असतात, आणि उरलेले त्याला खरोखरच चावता येतात. म्हणून केवळ विचारून भागत नाही. जपानमध्ये 2018 पासून मुखकार्याच्या ऱ्हासाचे निदान सार्वजनिक आरोग्यविम्यात समाविष्ट झाले आहे. तेथील एका चाचणीत ग्लुकोजयुक्त जेलीची गोळी 20 सेकंद चावावयास देतात, नंतर पाण्याची चूळ भरवून त्या पाण्यात उतरलेले ग्लुकोज मोजतात; दर 100 मिलिलिटरमागे ते 100 मिलिग्रॅमहून कमी भरले, तर चर्वणक्षमता घटली असे समजतात.