आईची सुट्टी आणि आचऱ्याची गावपळण

(या भागाचं लिखित रूप. माझं अडखळणं आणि मागे आरवणारा कोंबडा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागात आपण ऑन-कॉल ड्यूटी आणि झोप यावर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "सुट्टी घ्या म्हणतोस, पण जायचं कुठे? तिकिटं, हॉटेल, गर्दी, सगळं धरलं तर सुट्टीचाच थकवा येतो." खरंय. म्हणून आज घराजवळच्या सुट्टीबद्दल बोलू. त्याचं उत्तर मला आमच्याच गावात सापडलं, मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात.

आधी माझा फसलेला प्रयोग सांगतो.

गेल्या मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकून मी पुण्याहून घरी आलो. डोक्यात बेत असा, की उशिरा उठायचं, आंबे खायचे, संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचं. पहिल्याच दिवशी विहिरीचा पंप बिघडला. दुसऱ्या दिवशी बाबांचं बँकेचं केवायसी. तिसऱ्या दिवशी मुंबईहून काका-काकू आणि पोरं आली. चौथ्या दिवशी टीममधून मेसेज: "घरीच आहेस ना, पाच मिनिटं लॉगिन कर." त्या पाच मिनिटांचे अडीच तास झाले. किनाऱ्यावर मी एकदाच गेलो, तेही पोरांना घेऊन.

शेवटच्या रात्री खळ्यात बसून मी कुरकुरत होतो, की माझी सुट्टी वाया गेली. आई शेवटचं भांडं घासून पदराला हात पुसत येऊन बसली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं: आठ दिवस घरात रोज नऊ-दहा माणसांचं जेवण होत होतं, आणि ती एकदाही आमच्याबरोबर पानावर बसली नव्हती. माझी सुट्टी तिच्या ओव्हरटाइमवर चालली होती.

मी विचारलं, "आये, तू रवाक म्हणान घराभायर शेवटची कधी गेलंस?"

लग्नकार्यं आणि हॉस्पिटल वगळून तिने आठवून बघितलं. मग म्हणाली, "गावपळणीक."

गावपळण म्हणजे काय?

कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आचऱ्याचं ग्रामदैवत रामेश्वर. साधारण तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण ठरते. ठरलेल्या दिवशी अख्खा गाव घराला कुलपं लावून वेशीबाहेर पडतो. अख्खा म्हणजे खरंच अख्खा: म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री गावात कुणी राहत नाही. चिंदर, वायंगणी, त्रिंबक अशा शेजारच्या गावांच्या हद्दीत, मोकळ्या माळावर किंवा नदीकाठी राहुट्या उभ्या राहतात. चार बांबू, माडाची झापं, वर ताडपत्री, झाली राहुटी. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात. कौल झाला की गाव परत भरतो.

ही पद्धत एकट्या आचऱ्याची नाही. शेजारच्या चिंदरला गावपळण होते, आणि तिकडे वैभववाडी तालुक्यात शिराळ्यालाही.

यामागचं कारण विचारलंत तर प्रत्येकजण वेगळं सांगेल. जुनी माणसं म्हणतात, ते तीन दिवस गाव देवाचा आणि अदृश्य शक्तींचा. कुणी म्हणतं, पूर्वी साथीचे रोग यायचे, त्यावरचा हा उपाय असावा. कुणी सरळ अंधश्रद्धा म्हणून मोकळं होतं. मला त्या वादात आज शिरायचं नाही. मला त्याची रचना बघायची आहे, कारण सिस्टिम डिझाइन म्हणून ती फार विचारपूर्वक केलेली आहे.

वेळ बघा. गावपळण येते ती देवदिवाळीनंतर. भात कापून, झोडून घरात आलेलं असतं. पाऊस गेलेला, थंडी सोसवेल इतकी. आंबा-काजूच्या कामांची धावपळ अजून व्हायची असते. शेतकऱ्याच्या कॅलेंडरमधली हीच काय ती मोकळी फट. कुणाचंही काम न अडवता गाव तीन दिवस बंद ठेवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. आमच्या प्रॉडक्शन मेंटेनन्सची वेळसुद्धा इतकी अचूक निवडलेली नसते.

तीन रात्रींत नेमकं काय होतं?

मागच्या वेळेला मी कॉलेजात होतो, पण आठवतं सगळं. तीन दगडांची चूल, एक मोठा टोप. सामान मोजकंच, त्यामुळे जेवणही साधं: भात, कुळथाची पिठी, सुका बांगडा भाजलेला. पाणी पुरुष आणि पोरं आणायची. पाच-सहा घरांच्या राहुट्या एकमेकींना लागून, म्हणून स्वयंपाकही वाटून. संध्याकाळी भजन, बायकांच्या फुगड्या, आणि मध्यरात्रीपर्यंत गजाली. मुंबईचे चाकरमानी खास रजा काढून येतात, त्यांचे किस्से वेगळेच.

त्या तीन दिवसांबद्दल आई त्या रात्री म्हणाली, "तेवा माका कोणच काय सांगूक नाय." ह्या कर, ता कर, असं सांगणारं कुणी नव्हतं. आणि सांगणार तरी काय? अंगण झाडायचं नाही, कारण अंगणच नाही. तुळशीला पाणी नाही, पाहुणे नाहीत, माळ्यावरचा पसारा नाही.

घरी बसून सुट्टी का फसते, ते इथे कळतं. आपलं घर म्हणजे भिंती असलेली टू-डू लिस्ट. तुम्ही खुर्चीत बसलात तरी समोरचा गळका नळ तुमच्याशी बोलत असतो. मनात ती प्रोसेस बॅकग्राउंडला चालूच राहते आणि बॅटरी खाते.

शास्त्र काय म्हणतं?

२००७ साली झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोन संशोधकांनी कामाचा थकवा नेमका कशाने भरून निघतो हे मोजायची एक प्रश्नावली तयार केली. त्यात चार गोष्टी आहेत. पहिली, मनाने कामातून सुटणं. दुसरी, शरीर आणि मन सैल सोडणं. तिसरी, कामाबाहेरचं काहीतरी शिकणं किंवा जमवणं. चौथी, आपल्या वेळेवर आपला ताबा असणं.

या यादीत किलोमीटर नाहीत, हे लक्षात घ्या. दूर जाण्याने या गोष्टी सोप्या होतात एवढंच.

दुसरा अभ्यास जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांचा, नेदरलँड्समधला. त्यांनी ५४ नोकरदार माणसांच्या लांब सुट्ट्या तपासल्या, सरासरी २३ दिवसांच्या. सुट्टी सुरू होताच माणसांना बरं वाटायला लागलं, आठव्या दिवशी ते सगळ्यात वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात गाडी मूळ पदावर आली.

आता तुम्ही म्हणाल, आठव्या दिवशी शिखर येत असेल तर तीन दिवसांनी काय होणार? प्रश्न रास्त आहे. तीन दिवसांत तुम्ही शिखरावर पोचणार नाही. पण २३ दिवसांचा परिणामही आठवड्यात विरत असेल, तर वर्षातून एकदा मोठ्ठी सुट्टी आणि बाकी अकरा महिने कोरडे, हा हिशोब परवडत नाही. लहान सुट्ट्या जास्त वेळा घेता येतात, आणि त्या घराजवळच असतील तरच जमतात. अमेरिकेत २००८ च्या मंदीच्या सुमाराला 'स्टेकेशन' हा शब्द गाजला तो पैशांच्या ओढाताणीतून. आपल्याकडे त्याचं एक रूप आधीपासूनच होतं, आपण त्याला सुट्टी म्हटलं नाही इतकंच.

आमची छोटी गावपळण

तर गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला मी आई-बाबांना घेऊन तीन रात्रींसाठी धामापूरला गेलो. आचऱ्याहून मालवण, तिथे गाडी बदलून कुडाळच्या रस्त्याला. सकाळी निघालो आणि दुपारच्या जेवणाला पोचलो.

धामापूरच का? कारण आम्ही समुद्राची माणसं. तारकर्ली-देवबाग जगाला सुंदर वाटतं, आम्हालाही वाटतं, पण लाटांचा आवाज आला की बाबांना मासळीचा भाव आठवतो. सुट्टीला घरी नसलेली गोष्ट हवी. धामापूरला तलाव आहे, भोवती दाट झाडी, काठावर भगवतीचं देऊळ, खाली माड-पोफळीच्या बागा. हा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळात नागेश देसाई यांनी बांधलेला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. तालुक्यात इतकी वर्षं काढून आई तिथे देवदर्शनाला एकदाच गेली होती, तेही घाईत.

निघताना बाबांचा विरोध ठरलेला. "घराक कुलूप घालून? आणि गुरांका कोण बघतलो?" शेजारच्या काकी तयार झाल्या, त्यांच्या गरजेला आम्ही बघायचं असं ठरलं. तरी पहिल्या दिवशी बाबांनी काकींना तीन फोन केले.

आईचं वेगळंच. घरगुती निवासात राहिलो होतो. जेवल्यावर ताट उचलून ती थेट मोरीकडे निघाली. मी अडवलं, तर पाच मिनिटं नुसती उभी. "माका हयसर काय करूचा असा?" मी म्हटलं, काही नाही. तिला ते अजिबात आवडलं नाही. पहिला दिवस असाच अवघडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली. दोन तास. तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही, पण मी अठ्ठावीस वर्षांत आईला आजारपणाशिवाय दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. बाबांनी दोनदा दाराशी जाऊन बघितलं, ठीक आहे ना म्हणून.

संध्याकाळी मी तलावावरून परत आलो, तर ही मालकीणबाईंबरोबर पडवीत बसून कुळीथ निवडतेय आणि दोघी खो-खो हसतायत. मी म्हटलं, आये, परत काम? ती म्हणाली, "माका बरा वाटता म्हणान करतंय." त्या यादीतली चौथी गोष्ट मला तेव्हा नीट कळली. काम तेच, कुळीथ तेच, पण कुणी सांगितलेलं नाही आणि कधीही उठून जाता येतं. तिला आराम देण्याच्या नादात मीच नवा मुकादम झालो होतो.

माझं म्हणाल तर मी लॅपटॉप घरी ठेवला होता, पण फोन होता. दुसऱ्या रात्री ऑफिसचा ग्रुप उघडलाच. काही जळत नव्हतं. तरी झोप अर्धा तास उशिरा लागली.

तुम्हाला करायची असेल तर

एक, वेस ओलांडा. घरापासून तासा-दोन तासांवर चालेल, पण रात्र दुसरीकडे काढा. दिवसभर फिरून घरी झोपायला आलात की तोच नळ, तेच कपडे.

दोन, सगळ्यांची सुट्टी बघा. जेवण कोण करणार, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा. उत्तर घरातल्याच बाईचं नाव असेल तर जागा बदला.

तीन, दिवस आधी ठरवा आणि ऑफिसला 'गावी जातोय' सांगू नका, 'रजेवर आहे' सांगा. गावी म्हणजे उपलब्ध, असा समज आपणच करून दिलेला आहे.

चार, मोसम बघा. सिंधुदुर्गात पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी आणि जलक्रीडा बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी, तेव्हा ताज्या सुरमईच्या आशेने येऊ नका. पण त्याच दिवसांत आंबोली हिरवीगार असते, आणि कर्लीच्या खाडीकाठच्या वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात तुम्हाला शांतता मिळेल. पावसाळ्यानंतर जत्रा सुरू होतात, एक रात्र दशावतारासाठी नक्की ठेवा.

पाच, पहिला दिवस फुकट जाणार हे धरून चाला. म्हणून किमान तीन रात्री. दोन रात्रींच्या सुट्टीत आईने दुपारची झोप घेतलीच नसती.

परत आलो तेव्हा गुरं ठीक होती, पंप चालू होता. संध्याकाळी आई नेहमीसारखी चुलीपुढे. तीन रात्रींनी घरातली कामाची वाटणी बदलत नाही, तो माझ्या आणि बाबांच्या शिकण्याचा वेगळा विषय आहे. सध्या बाबा स्वतःचं ताट स्वतः घासतात, एवढी प्रगती आहे.

मात्र गेल्या आठवड्यात फोनवर बोलताना मागून बाबांचा आवाज आला: "विचार तेका, फुडल्या वर्साक खंय जावया?"

तुमच्या घरात सगळ्यात कमी सुट्टी कुणाला मिळते, आणि तुमच्या गावापासून तासाभरावर न पाहिलेलं काय आहे, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातली निवडक उत्तरं वाचू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि रजा टाका. येवा, कोकण आपलाच असा!