विश्लेषण : चार रंगांत जुने चित्र उतरते का?

म्हसवडमधील चित्रकलेच्या विद्यार्थ्याला अभिजात मानवाकृती चित्रे प्रत्यक्ष पाहायची तर सातारा जिल्ह्यातच औंध आहे. यमाईच्या डोंगरावरील श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारले. तिथे राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे आहेत, तशा पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृतीही आहेत. घरी येऊन प्रतिकृती करायची म्हटले, की पहिला अडसर रंगांच्या खर्चाचा. पण चार ट्यूबमध्येही बरेच काम भागते.

कोणते चार रंग?
पिवडी, हिंगुळासारखा लाल, काळा आणि पांढरा. स्वीडिश चित्रकार आंद्रेस झोर्न (१८६०-१९२०) याच्या नावाने ही रंगपट्टी ओळखली जाते. गरजेनुसार तो इतर रंगही वापरी.

त्वचा कशी साधते?
पांढऱ्यात पिवडी आणि किंचित लाल मिसळला, की उजेडातली त्वचा मिळते. सावलीसाठी पांढरा कमी करून लाल, पिवडी आणि थोडा काळा घ्यावा. चारच रंग एकमेकांत मिसळत राहिल्याने चित्रात आपोआप मेळ राहतो.

निळा, हिरवा कुठून आणायचा?
काळा-पांढरा मिसळून झालेला राखाडी रंग तांबूस त्वचेशेजारी निळसर भासतो. पिवडीत काळा घातला की शेवाळी हिरवा होतो.

मर्यादा कोणती?
गडद निळे किंवा झळझळीत हिरवे वस्त्र यातून होत नाही. तिथे पाचवी, निळी ट्यूब घ्यावीच. अजिंठ्याच्या चित्रकारांनाही हे चुकले नव्हते. गेरू, पिवडी, काजळी, पांढरी आणि हिरवी माती एवढ्यावर त्यांचे बहुतेक काम झाले. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा दगड अफगाणिस्तानच्या बाजूने यायचा.

सुरुवात कशी करावी?
मूळ चित्राच्या छापील प्रतीवर चौकटी आखून रेखाटन कागदावर घ्यावे. डोळे किलकिले करून आधी फक्त उजेड-सावली काळ्या-पांढऱ्यात मांडावी, रंग नंतर. चेहरा फसतो तो बहुधा रंगामुळे नाही, सावली चुकल्यामुळे.

प्रतिकृतीला मोल असते का?
मुंबईच्या कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ दरम्यान अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या अनेक लंडनच्या आगीत नष्ट झाल्या. भिंतीवरची चित्रे पुढे आणखी झिजली. त्यामुळे पूर्वी तिथे काय दिसत होते, हे सांगायला आज उरलेल्या प्रतिकृतीच उपयोगी पडतात.