‘धक्काशोषक’ : एक संज्ञा आणि एक निवड

यंत्रशास्त्रातील पुष्कळ संज्ञा त्या यंत्रांच्या निर्मात्यांनी नव्हे, तर विक्रेत्यांनी रूढ केलेल्या असतात. अशा संज्ञांत वस्तूच्या कार्याचे वर्णन नसते. ग्राहकाला तिच्यापासून काय हवे आहे, याचे वर्णन असते. इंग्रजीतील ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ ही संज्ञा या प्रकारात मोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रुफो-हार्टफर्ड या जोडनावाने प्रसिद्ध असलेले एक साधन मोटारींना बसविले जात असे. कात्रीसारख्या दोन भुजा आणि त्यांच्या सांध्यात घट्ट आवळलेल्या चकत्या, एवढीच त्याची रचना. पाट्यांच्या कमानी खालीवर होऊ लागल्या की या चकत्या एकमेकींवर घासत आणि त्या घर्षणाने कमानींचे हेलकावे लवकर थांबत. वाटेतल्या खड्ड्याचा धक्का शोषण्याचे काम या साधनाकडे नव्हते. ते काम कमानींचेच होते. तथापि विकताना नाव दिले गेले ते धक्का शोषणाऱ्याचे, आणि ते चिकटले ते कायमचेच.

मराठीत या संज्ञेचे दोन अवतार आढळतात. परिभाषेच्या कोशांत शोभेल असा ‘धक्काशोषक’ किंवा ‘आघातशोषक’ हा शब्द मूळ चुकीसकट भाषांतरित झालेला आहे. दुसरा अवतार कारखान्यातला. कारागीर ‘शॉकअप’ म्हणतो. ‘अ‍ॅब्सॉर्बर’ची शेपटी गळाली आणि उरलेल्या आद्याक्षरांना परिचयाच्या ‘अप’चे रूप आले. लोकव्युत्पत्तीचे हे चांगले उदाहरण आहे. शिवाय शोषणाचा दावाच त्यातून नाहीसा झाल्यामुळे हा अशिक्षित समजला जाणारा शब्द कोशातील शब्दापेक्षा कमी दिशाभूल करतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ब्रिटिश अभियंत्यांनी मात्र ‘डॅम्पर’ हा शब्द पसंत केला. ‘डॅम्प’ या धातूचा जुना अर्थ ओलावा हा नव्हे. वाफ किंवा विषारी वायू या अर्थाच्या नामावरून ‘गुदमरवणे, विझवणे’ असा क्रियेचा अर्थ आला. त्याच्या एका फांदीतून दमटपणा निघाला आणि दुसरीतून दोलनाचा जोर मारणे. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्याला ‘अवमंदन’ म्हणतात. तेव्हा ‘धक्काशोषक’ म्हणून जी वस्तू विकली जाते, तिच्यात वस्तुतः दोन वस्तू असतात : बाहेरची स्प्रिंग आणि आतला अवमंदक. ही फोड शब्दाने झाकली आहे. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीला मागील जोडी नव्याने बसवू पाहणारे जे चुकतात, ते बहुधा याच ठिकाणी चुकतात.

या गाड्यांच्या मागील भागास स्प्रिंगा मिळाल्या त्या उशिरा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांचे मागील चाक चौकटीस ताठ जडलेले असे. युद्धोत्तर काळात मधले मार्ग निघाले. ट्रायम्फने चाकाच्या तुंब्याच्या पोटातच स्प्रिंगा कोंडल्या. इतरांनी आसाच्या दोन्ही अंगांस उभ्या नळ्यांत त्या बसविल्या. अखेर सर्वमान्य झाली ती आडव्या, मागे हलणाऱ्या भुजेची रचना. येथील कारागीर तिला ‘चिमटा’ म्हणतात आणि तिच्या आकाराकडे पाहता याहून नेमका शब्द सुचणे कठीण आहे. ट्रायम्फच्या टायगर १०० व टायगर ११० या गाड्यांवर चिमटा १९५४ साली आला.

या काळातील लोकनामे मोठी बोलकी आहेत. एजेएस व मॅचलेस या गाड्या एकाच कंपनीच्या. त्यांवर १९४९ पासून जी सडपातळ जोडी येई, तिला स्वारांनी ‘शमादान’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. १९५१ पासून तिच्या जागी आलेल्या जाडजूड जोडीस ‘जॅमपॉट’, म्हणजे मुरंब्याची बरणी. १९५७ साली गर्लिंग कंपनीची जोडी आली आणि बरणी गेली. ही नावे केवळ आकारावरून पडली. म्हणून ती निरुपद्रवी ठरली. नॉर्टनच्या नव्या चौकटीचे नाव तसे नव्हते. बेलफास्टच्या रेक्स मॅक्कँडलेसच्या कल्पनेतून उतरलेली ही चौकट १९५० साली शर्यतीत आली. ती चालवून पाहिल्यावर शर्यतपटू हॅरल्ड डॅनियलने परांच्या गादीची उपमा दिली, असे सांगतात, आणि ‘फेदरबेड’ हेच तिचे नाव झाले. वास्तविक तिचा खरा गुण मऊपणा नव्हे. वळणावर चाके रस्त्याला धरून राहत आणि गाडी स्वाराने दाखविलेल्या रेषेत जाई, हा तिचा गुण. ज्या सालात तिला गादी म्हटले गेले, त्याच सालात तिच्यावर बसून जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. येथेही नावाने स्वाराचे सुख सांगितले आणि यंत्राचे काम गाळले.

आता स्प्रिंगेचे काम पाहू जाता एक साधे गणित उपयोगी पडते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा प्रत्येकी १०० पौंडांच्या, म्हणजे एक इंच दबण्यास १०० पौंड भार लागणाऱ्या आहेत, आणि त्या आसाच्या अगदी वर उभ्या आहेत, असे धरावे. स्वारासह मागील बाजूचा भार ३०० पौंड असल्यास त्या दीड इंच दबतील. अशा रचनेची नैसर्गिक दोलनसंख्या सेकंदाला सुमारे अडीच येते. ताशी ६० मैल वेगाने, म्हणजे सेकंदाला ८८ फूट जाणारी गाडी एका खड्ड्यानंतर सुमारे पस्तीस फुटांवर एक हेलकावा पूर्ण करील, पुढील पस्तीस फुटांवर दुसरा, आणि अवमंदक निकामी असेल तर असेच पुढे. चाक वर उसळलेले असताना त्याची रस्त्यावरील पकड क्षीण होते. त्याच क्षणी वळण आले किंवा ब्रेक दाबावा लागला, तर काय ओढवेल ते सांगावयास नको. स्वाराला मात्र हे सारे फार मऊ आणि सुखाचे वाटत असते.

अवमंदकात तेल आणि छिद्रांचा दट्ट्या असतो. दट्ट्या सरकताना तेल बारीक वाटांतून रेटले जाते आणि दोलनाची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. दबताना विरोध कमी आणि उलगडताना अधिक ठेवलेला असतो. कारण दबलेल्या स्प्रिंगेला सूड उगवण्याची घाई असते. जुनी जोडी तपासावयाची ती स्प्रिंग उतरवून. नुसता दांडा हाताने ओढला असता सबंध वाटेभर एकसारखा विरोध लागावा. मध्येच दांडा सैल सुटला तर आत हवा शिरली आहे किंवा तेल गळाले आहे. स्प्रिंग उतरविताना ती दाबून धरण्याचे साधन वापरावेच लागते, कारण वरची कडी निसटल्यास ती डोळा किंवा बोटे घेऊन जाऊ शकते. जॅमपॉट उघडून दुरुस्त करता येतात. गर्लिंगच्या पुष्कळशा जोड्या बंदिस्त असल्याने त्यांत तो मार्ग नाही.

बाजारातील सर्वात मोठा गैरसमज स्प्रिंगेच्या तळाशी असलेल्या फिरत्या पायरीविषयी आहे. गर्लिंगच्या जोडीत अशा तीन पायऱ्या असत आणि आकड्याच्या आकाराच्या पान्याने त्या फिरविता येत. पायरी वर घेतली की ‘शॉकअप कडक झाला’ असे म्हणतात. हे खरे नाही. वरील उदाहरणात स्प्रिंग आधीच अर्धा इंच दाबून ठेवली, तर स्वार बसल्यावर गाडी दीडऐवजी एकच इंच बसेल. परंतु मागे १२० पौंडांचा सोबती बसला, तर दोन्ही स्थितींत ती आणखी ०·६ इंचच खाली जाईल. बदलली ती उंची, कडकपणा नव्हे. कडकपणा खरोखर बदलणारी युक्ती व्हेलोसेटच्या कारखान्याने केली होती. त्यांच्या चौकटीत वरचे टोक एका वक्र खाचेत सरकविता येई; जोडी कलती केली की चाकाच्या जागी ती मऊ लागे आणि उभी केली की कठीण. याचे कारण तरफेत आहे. जोडी चिमट्याच्या चार-पंचमांश लांबीवर जोडलेली असेल, तर चाकाजवळ जाणवणारा कडकपणा त्या गुणोत्तराच्या वर्गाइतका, म्हणजे ०·६४ पट उरतो. यास्तव एका गाडीच्या स्प्रिंगेचा आकडा दुसरीला लावणे व्यर्थ होय.

निवड करावयाची ती याच क्रमाने. प्रथम स्वाराचे वजन, मग सोबती नेहमी बसतो की क्वचित, मग त्यानुसार स्प्रिंग. स्वार बसल्यावर एकंदर चालीचा सुमारे एक-तृतीयांश भाग दबलेला असावा, हा चांगला अंदाज आहे. इंग्लंडमधील हेगन ही कंपनी मागणी घेताना वजन विचारते, आणि जो विक्रेता ते विचारीत नाही त्याच्याकडून चकाकी तेवढी मिळण्याचा संभव अधिक. डच कोनीचा जुना आराखडा पुढे चालविणाऱ्या ऑस्ट्रेलियातील आयकॉनच्या जोडीत अवमंदनही कमीअधिक करता येते. वर्षानुवर्षे वापरलेल्या स्प्रिंगेसाठी ही सोय विशेष उपयोगी नाही; नव्या, योग्य स्प्रिंगेबरोबर मात्र ती मोलाची ठरते. कडक स्प्रिंगेला दुर्बल अवमंदक जोडणे ही सर्वात वाईट जोडी, आणि केवळ बाह्यरूप मुळाबरहुकूम ठेवणाऱ्या स्वस्त नकलांत तीच बहुधा आढळते.

लांबी मात्र मुळाचीच ठेवावी. दोन टोकांच्या भोकांमधील हे अंतर ट्रायम्फ व नॉर्टनच्या अनेक गाड्यांत सुमारे १३ इंच असते. एक इंच अधिक घेतल्यास मागचा भाग उचलला जातो, पुढचा काटा अधिक उभा होतो आणि सरळ चालण्याची स्थिरता घटते; साखळीचा ताण बदलतो; मधल्या स्टँडवर उभी केली असता चाक जमिनीवरून सुटतच नाही. टोकांची बनावटही पाहावी. एजेएस-मॅचलेसच्या काही वर्षांच्या गाड्यांत खालचे टोक कडीचे नसून दोन पाळ्यांचे आहे आणि सर्वसाधारण जोडी तेथे बसतच नाही. रॉयल एनफिल्डच्या बुलेटविषयी येथील वाचकांना विशेष कुतूहल असणार. १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेली ही गाडी रेडिचच्या मूळ गाडीची बहीण असली, तरी पुढील दशकांत तिचे अनेक भाग स्वतंत्रपणे बदलत गेले. म्हणून एकीचा भाग दुसरीस मोजल्याशिवाय लावू नये.

नवी जोडी आडवी पडून आलेली असल्यास तिच्या आतील तेलात हवा मिसळलेली असू शकते. ती उभी धरून काही वेळा दाबावी आणि उलगडावी. बोल्ट प्रथम सैल ठेवून गाडी स्टँडवरून खाली घ्यावी, स्वाराने वर बसावे आणि दुसऱ्याने त्या स्थितीत ते आवळावेत. टोकांच्या भोकांत रबरी बुश असतात. गाडी अधांतरी असताना आवळल्यास ते कायम पिळलेले राहतात आणि वर्षाच्या आत फाटतात.