देवासच्या दोन पात्या, धारचा लोहस्तंभ आणि पवित्र त्र्यैक्य

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने तेथे राज्ये स्थापिली आणि त्यांच्यामागे दक्षिणेतून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्या भूमीत रुजली. १८७७ मध्ये इंदुरास कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनकार्य सुरू झाले, आणि शतक संपण्यापूर्वी ते धार येथेही पोहोचले. डॉ. मार्गारेट ओहारा यांनी धार येथे स्त्रियांसाठी केलेली वैद्यकीय सेवा त्याच काळातील होय. अशा प्रदेशात, जेथे चहूकडे भक्तिपरायण शेजारी आहेत, ख्रिस्ती माणसास एक प्रश्न हटकून विचारला जातो : “तुम्ही एकच देव मानता असे म्हणता, मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कोण?” विचारणारा बहुधा कुत्सितपणे विचारीत नाही. त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचे असते. आणि आपण मात्र पुष्कळदा एखादा उसना दृष्टांत पुढे करून सुटका करून घेतो.

या लेखात आम्ही धार आणि देवास येथील दोन प्रसिद्ध गोष्टींच्या आधारे त्र्यैक्याचा विचार करणार आहोत. त्र्यैक्य म्हणजे काय हे त्या गोष्टी सांगत नाहीत. त्र्यैक्य म्हणजे काय नव्हे हे मात्र त्या उत्तम रीतीने सांगतात. आणि या विषयात चुकीची वाट ओळखणे हे अर्धे काम आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा सिद्धांत कोणा तत्त्वज्ञाने एकांतात बसून रचलेला नाही. पहिले ख्रिस्तशिष्य यहूदी होते. परमेश्वर एकच आहे, हा अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील अंगीकार ते लहानपणापासून नित्य म्हणत आले होते. त्या माणसांनी नासरेथकर येशूचा सहवास अनुभवला, त्याच्या पुनरुत्थानाचे ते साक्षी झाले, आणि त्यांच्या लक्षात आले की आपण त्याच्यापुढे गुडघे टेकीत आहोत. पुढे पेन्टेकॉस्टच्या दिवसापासून पवित्र आत्म्याचे सामर्थ्य त्यांच्यामध्ये कार्य करू लागले, आणि हा आत्मा देवाहून वेगळी अशी एखादी शक्ती नव्हे हेही त्यांनी ओळखले. एक देव त्यांनी सोडला नाही. पुत्राची आराधनाही सोडली नाही. आत्म्याचा अनुभवही नाकारला नाही. या तीन गोष्टी एकत्र धरून ठेवण्याच्या प्रामाणिक प्रयत्नातून त्र्यैक्याचा सिद्धांत उदयास आला. आधी उपासना, मग व्याख्या, असा हा क्रम आहे.

आता देवासकडे वळू. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा पवार बंधूंपासून देवासच्या दोन गाद्या निर्माण झाल्या : थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, घराणे एकच, कुलदेवता एकच; परंतु राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. इंग्रजी अमदानीत दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांच्या सलामीचा मान असे. मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एकाचा अंमल, तर दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा. पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी. १९४८ मध्ये दोन्ही राज्ये मध्य भारतात विलीन झाली, तोपर्यंत ही व्यवस्था टिकून होती.

पुष्कळांच्या मनातील त्र्यैक्याची कल्पना अशीच असते. स्वर्ग हे जणू एक गाव, आणि तेथे तीन पात्या : पित्याची थोरली, पुत्राची धाकटी, आणि आत्म्याची त्याहून धाकटी. एका कुळातील तीन अधिपती परस्परांशी सलोख्याने वागतात, म्हणून त्यांस एक म्हणावयाचे. परंतु सलोखा म्हणजे ऐक्य नव्हे. दोन राजांचे कितीही सख्य असले तरी ते दोनच राजे असतात. त्यांच्या इच्छा दोन, सत्ता दोन, आणि एकाची हद्द संपते तेथेच दुसऱ्याची सुरू होते. देवाच्या ठायी अशी हद्द नाही. पिता जेथे कार्य करतो तेथे पुत्र अनुपस्थित नसतो, आणि आत्म्याचा अंमल पुत्राच्या अंमलाहून निराळा नसतो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस प्रभूने बाप्तिस्म्याची आज्ञा दिली, तेथे तिघांचा उल्लेख आहे; परंतु मूळ ग्रीक भाषेत ‘नाम’ हा शब्द एकवचनी आहे. नामे तीन नाहीत, नाम एक आहे.

देवासची वाट सोडून आता धारला येऊ. धार येथे लाट मशिदीजवळ एक प्राचीन लोहस्तंभ पडलेला आहे. परंपरा त्याचा संबंध राजा भोजाशी जोडते. १४०५ मध्ये दिलावर खानाने बांधविलेल्या मशिदीस या लाटेवरूनच नाव मिळाले. आज या स्तंभाचे तीन तुकडे दिसतात. तिघांची एकत्र लांबी तेरा मीटरहून अधिक भरते आणि वजन सुमारे सात टन आहे. लोखंड एकच, स्तंभ एकच, तुकडे तीन. हाच तर त्र्यैक्याचा दृष्टांत, असे एखाद्यास वाटेल.

परंतु थोडा विचार करावा. त्या तुकड्यांपैकी कोणताही एक पूर्ण स्तंभ नाही. सर्वांत लांब तुकडाही अपुराच आहे. पिता हा देवाचा तिसरा हिस्सा, पुत्र हा दुसरा तिसरा हिस्सा, असे मानले तर येशूच्या ठायी आपणांस देवाचा एक अंशच भेटला असे होईल. पौल तर कलस्सैकरांस लिहिताना नेमके उलट सांगतो : ख्रिस्ताच्या ठायी देवपणाची सर्व पूर्णता वसते. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव. तरी देव एकच. देव तुकड्यांचा जोडून बनलेला नाही, म्हणून त्याचे तुकडे होऊ शकत नाहीत. सूर्य, किरण आणि उष्णता हा लोकप्रिय दृष्टांतही येथेच अडखळतो, कारण केवळ उष्णतेला सूर्य म्हणता येत नाही.

या दोन चुका टाळण्याच्या भरात पुष्कळजण तिसऱ्या चुकीत पडतात. ते म्हणतात, एकच गृहस्थ घरी बाप, आपल्या आईवडिलांपुढे मुलगा आणि कचेरीत साहेब असतो. तसाच देव एक असून तीन नात्यांनी प्रगट होतो. तिसऱ्या शतकात साबेल्य नावाच्या शिक्षकाशी हे मत जोडले गेले, आणि मंडळीने ते नाकारले. कारण उघड आहे. यार्देनेच्या पाण्यातून येशू वर आला तेव्हा आत्मा त्याच्यावर उतरत होता, आणि त्याच क्षणी पित्याची वाणी ऐकू आली. तिघे एकाच वेळी तेथे होते. गेथशेमानेत येशूने प्रार्थना केली. ती जर स्वतःशीच केलेली असेल तर ती प्रार्थना न राहता नाटक ठरेल.

त्रिमूर्तीच्या कल्पनेशी होणारी तुलनाही येथेच तपासावी. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुखी शिल्प किंवा दत्तात्रेयाची तीन शिरे पाहून आपले शेजारी म्हणतात, तुमचे आमचे सारखेच. हे ते स्नेहभावाने म्हणतात, आणि त्यांस स्नेहभावानेच उत्तर द्यावे. ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांच्या प्रचलित वर्णनात उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कार्यांची वाटणी आहे. त्र्यैक्यात अशी वाटणी नाही. पिता निर्माण करतो, पण योहान सांगतो की सर्व काही शब्दाच्या द्वारे झाले, आणि एकशेचाराव्या स्तोत्रात देवाच्या आत्म्याने जीव उत्पन्न होतात. तिघांतील भेद कामाचा नसून नात्याचा आहे : पिता कोणापासून झालेला नाही, पुत्र पित्यापासून अनादि जनित आहे, आणि आत्मा निघणारा आहे.

हेच निश्चित करण्यासाठी ३२५ साली निकिया येथे धर्मसभा भरली. आलेक्सांद्रियाचा अरिय म्हणत होता की पुत्र सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला तरी निर्मित आहे. सभेने उत्तर दिले की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने पवित्र आत्म्याविषयीची साक्ष अधिक स्पष्ट केली. या सत्यासाठी अथनासियाने पाच वेळा हद्दपारी सोसली. केवळ शब्दांच्या काथ्याकुटासाठी कोणी इतके सोशीत नाही.

आपल्या भाषेतही शब्दांची अडचण आहेच. ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो. आजच्या मराठीत ‘व्यक्ती’ म्हणजे सुटा, स्वतंत्र माणूस; त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवासचे राजे उभे राहतात. संस्कृतात व्यक्त होणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तोच धरला तर साबेल्याची वाट समोर येते. शब्द टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या दोन्ही बाजूंस खड्डे आहेत एवढे ओळखून तो वापरावा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर १८८५ मधील त्यांच्या पत्रव्यवहारात त्र्यैक्याविषयीच्या त्यांच्या शंका स्पष्ट दिसतात. त्यांनी शंका लपविल्या नाहीत, आणि श्रद्धेची वाटही सोडली नाही. प्रामाणिक शंका हा अविश्वास नव्हे, हे आपल्या मंडळ्यांनी त्यांच्यापासून शिकावे. १८९८ मध्ये बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी सच्चिदानंद या आपल्या देशातील शब्दाच्या आधारे त्र्यैक्याचे संस्कृत स्तोत्र रचले. सत्, चित् आणि आनंद हे तुकडेही नव्हेत आणि तीन राजेही नव्हेत. म्हणून हा शब्द साह्यकारी आहे. तथापि आनंद हा सत्‌वर प्रीती करतो असे आपण म्हणत नाही, आणि पुत्र तर पित्यावर प्रीती करतो. तेथे या शब्दाचीही मर्यादा येते.

देवासनेच आपणांस आणखी एक दृष्टांत दिला आहे. पंडित कुमार गंधर्व १९४८ पासून १९९२ मधील आपल्या निधनापर्यंत तेथे राहिले. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की गंधार आपोआप ऐकू येतो. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. तो निराळा वाजविलेला नसतो, तारेचा तुकडाही नसतो. षड्ज नादतो तेथेच तोही नादतो, आणि कोणीही दुसऱ्याची जागा अडवीत नाही. ‘जनित, पण निर्मित नव्हे’ या वचनाची अंधुक कल्पना येथे येते. तरीही तार थांबते आणि गंधार विरतो. देवाच्या अंतरंगातील प्रीती मात्र कधी सुरू झाली नाही आणि कधी थांबणार नाही.

अखेरीस, हे सर्व समजून घेण्याचे प्रयोजन काय? वधस्तंभाकडे पाहावे. पुत्र जर देव नसेल, तर देवाने आपल्या पापांचा भार तिसऱ्याच कोणावर टाकला आणि स्वतः दूर राहिला असे होईल. तो खरोखर देव असेल, तर देव स्वतः आपल्या दुःखात उतरला. आत्मा जर देव नसेल, तर देव आपल्याबाहेरच राहिला. तो देव असेल, तर रुग्णशय्येवर शब्द सुचत नाहीत तेव्हा, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे, देव स्वतःच आपल्या आतून आपल्यासाठी विनंती करतो. आत्म्यामध्ये, पुत्राच्या द्वारे, पित्याकडे : ज्या ख्रिस्ती आजीने अक्षर गिरविले नाही तीही सायंकाळी हात जोडते तेव्हा याच मार्गाने जाते. निकियाच्या आचार्यांनी तिच्याच प्रार्थनेचा अर्थ सांगितला.

म्हणून शेजाऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर दृष्टांताची घाई करू नये. आमचा देव एकच आहे, आणि तो कधीही एकाकी नव्हता. तो अनादि काळापासून प्रीती आहे. त्या प्रीतीनेच तो येशू ख्रिस्तामध्ये आमच्याकडे आला, आणि आत्म्याच्या द्वारे आमच्यात राहतो, एवढे नम्रपणे सांगावे. मग त्यास आपल्याबरोबर प्रार्थनेस बसण्याचे निमंत्रण द्यावे.