शरदातील दिनविशेष आणि कार्यालयातील सहजीवन

पाऊस ओसरून आश्विन उजाडला की महाराष्ट्रात सणांची आणि दिनविशेषांची दाटी होते. घटस्थापना, विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, गुरुनानक जयंती एका बाजूस. तर १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन दुसऱ्या बाजूस. प्रतिमेस पुष्पहार, दोन भाषणे आणि वरिष्ठांकडे अहवाल, एवढ्यावर बहुधा समारंभ आटोपतो. परंतु निरनिराळ्या धर्मांच्या, वयांच्या व प्रकृतीच्या माणसांना आपले कामाचे ठिकाण आपलेसे वाटावे, हा या दिवसांचा खरा हेतू होय. तो भाषणांपेक्षा कामाच्या आखणीतून अधिक साधतो.

तिथी आणि तारीख

काही दिवस इंग्रजी तारखेने ठरतात, काही तिथीने. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. हिंदू पंचांगात साधारणतः दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरला जातो. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पलीकडे सहसा जात नाही. हिजरी कालगणनेत अधिक मास नसतो. म्हणून मुस्लिम सण दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतात आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. गतवर्षीचा बैठकांचा कार्यक्रम जसाच्या तसा उतरवून घेतल्यास एखाद्या सहकाऱ्याच्या सणादिवशीच प्रशिक्षण अथवा तपासणी ठरते, ती यामुळेच.

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद हे दोन्ही दिवस २८ सप्टेंबर रोजी आले. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरविले आणि राज्य शासनाने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली. गणेश विसर्जन निर्विघ्न झाले, जुलूसही निघाला. आधी बोलणे झाले, म्हणून हे घडले. महानगरास जे जमले, ते तालुक्याच्या कार्यालयास अवघड नाही.

अशी समजूत आपल्याकडे नवी नाही. कोकणातील बेने इस्रायली समाजाचा परंपरागत व्यवसाय तेलघाण्याचा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. त्यांचा विश्रांतीचा वार गावाच्या व्यवहारात सामावून गेला.

सुट्टी आणि पाळी

दिवाळीत कार्यालये बंद असतात, परंतु एस. टी.चे चालक-वाहक, रुग्णालयातील परिचारिका, पोलीस, पाणीपुरवठा आणि सफाई कर्मचारी कामावर असतात. किंबहुना सफाई कामगारांचा भार त्या दिवसांत वाढतो. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी, सर्वांना विचारून लावल्यास दिवाळीची पाळी मुस्लिम वा ख्रिस्ती सहकारी घेऊ शकतो आणि ईद-नाताळची पाळी हिंदू सहकारी. दरवर्षी एकाच व्यक्तीवर सणाची पाळी येणे हा अन्याय आहे. मग ती व्यक्ती तक्रार करो वा न करो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो विजयादशमीचा दिवस होता. त्या तिथीस दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी जमतात. सुट्टी एका दिवसाची असली तरी रत्नागिरी वा सिंधुदुर्गातून नागपूरला जाऊन येण्यास तेवढा वेळ पुरत नाही. आदल्या व नंतरच्या दिवसासाठी आलेल्या रजेच्या अर्जाकडे कार्यालयप्रमुखांनी या दृष्टीने पाहावे.

मनाचे आरोग्य

जागतिक मानसिक आरोग्य दिन १९९२ पासून पाळला जातो. २०२४ साली त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. पायाला प्लास्टर असलेल्या कर्मचाऱ्याची सर्वजण विचारपूस करतात. परंतु झोप उडालेला, कामात चुका होऊ लागलेला कर्मचारी ‘कामचुकार’ ठरतो. लोक काय म्हणतील या भीतीने तो उपचार टाळतो आणि दुखणे वाढते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये अशा रुग्णास उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. हा क्रमांक प्रत्येक कार्यालयाच्या, शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर कायम असावा. कर्मचाऱ्याचा आजार चारचौघांत चर्चिला जाऊ नये, हे पाहणे वरिष्ठांचे कर्तव्य होय.

या सर्वांस वेगळा निधी लागत नाही. वर्षारंभी सर्व सहकाऱ्यांना विचारून तयार केलेली एक दिनदर्शिका, न्याय्य पाळीतक्ता आणि आपुलकीची चौकशी एवढे पुरे आहे. आपला सण मोकळेपणाने सांगता येणे आणि आपले दुखणे न घाबरता बोलता येणे, या दोन गोष्टी ज्या कार्यालयात घडतात, तेथे दिनविशेष खऱ्या अर्थाने साजरे झाले असे म्हणता येईल.