छायाचित्रे, ऐतिहासिक

गतकालीन उद्योगधंदे, सार्वजनिक जीवन व भूप्रदेश यांची नोंद म्हणून इतिहासास उपयोगी पडणारी छायाचित्रे. महाराष्ट्रात त्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहे. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होत. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांच्या चित्रमालेत (१८५६–५८) मुंबई परिसरातील वास्तू, व्यवसाय व वेशभूषा आढळतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यासारख्या प्रदेशात हे साधन विशेष मोलाचे ठरते. १६६४ मध्ये बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाची झीज व डागडुजी, शिडाची गलबते, यांत्रिक मासेमारीपूर्वीची रापण यांची कल्पना अशा चित्रांवरून येते. मात्र ती पाहताना तत्कालीन तंत्र ध्यानी घ्यावे लागते. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत प्रकाश देण्यास बहुधा काही सेकंद लागत. त्यामुळे तटबंदी स्पष्ट उमटे. हलती होडी वा चालती माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. म्हणून त्या काळच्या चित्रात निर्जन दिसणारा किनारा खरोखरच निर्जन होता, असे अनुमान काढता येत नाही.

कोकणातील दमट हवेत छायाचित्रावरील जिलेटिनच्या थरास बुरशी लागते व प्रतिमा फिकट होते. चित्र टिकले, तरी स्थळ, काळ व व्यक्ती यांची नोंद सोबत नसल्यास जाणत्या पिढीबरोबर त्याचे प्रमाणमूल्यही लोपते. यास्तव जतनाइतकीच ही नोंदही महत्त्वाची होय.