रात्रीच्या समारंभातील फोटो अस्पष्ट का येतात?

आमच्या घरी एका निकाहाच्या रात्रीचा फोटो आहे. रुखसतीच्या आधी आमच्या अम्मींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, त्या वेळचा. मागच्या भिंतीवरील कॅलेंडरची तारीख त्यात स्पष्ट वाचता येते. अम्मींचा चेहरा मात्र धुकट आहे. अम्मी आज हयात नाहीत. उजेड फार कमी होता, असे फोटोग्राफरने तेव्हा सांगितले. आम्ही ते मान्य केले आणि तरीही व्यापाऱ्याच्या सवयीने उरलेल्या रकमेतून काही रुपये कापले. पुढे या विषयाची थोडी माहिती करून घेतल्यावर कळले की त्याचे कारण निम्मेच खरे होते. ज्या उजेडात कॅलेंडर स्पष्ट आले, त्याच उजेडात चेहराही आला असता. कॅमेऱ्याने फोकस चेहऱ्यावर न धरता मागच्या भिंतीवर धरला होता.

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या भागांत आपल्या समाजातील कितीतरी तरुण लग्नसराईत कॅमेरा घेऊन रात्र-रात्र जागतात. कॅमेऱ्यासोबत येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेला मुलगा ती उघडत नाही आणि उस्ताद सांगेल तेवढ्यावर चालतो. त्यात नुकसान त्याचे होते आणि ज्याच्या घरचे कार्य आहे त्याचेही. म्हणून कापडाचा धंदा सोडून आज या विषयावर लिहीत आहोत. कापडाचा संबंध मात्र यात येणारच आहे.

अस्पष्ट फोटो तीन कारणांनी येतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. आधी बिघडलेला फोटो मोठा करून नीट पाहावा. चेहरा धुकट पण मागची भिंत, पुढचा हार किंवा शेजाऱ्याची बाही स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. फोटोतील सर्वच वस्तू एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झाली असेल, तर छायाचित्रकाराचा हात हलला. भिंत, खांब, खुर्च्या स्पष्ट आणि फक्त माणसाचा हात किंवा मान पुसट असेल, तर माणूस हलला. पुष्कळ मुले या तिन्हींना एकच नाव देतात, “फोटो हलला”, आणि फ्लॅश वाढवून मोकळी होतात. हात हलल्यास कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील कंपन रोखणारी सोय कामी येते. समोरचा माणूस हलला तर तिचा काडीचाही उपयोग नाही. आणि फोकसच चुकला असेल तर दोन्ही गोष्टी गैरलागू.

आता कॅमेरा आपणहून फोकस कसा धरतो ते पाहू. त्याला चेहरा, नाते, मानपान काही कळत नाही. त्याला हवा असतो फरक. उजळ आणि काळोख्या भागांची शीव. साधा काळा बुरखा, पांढरीशुभ्र शेरवानी, कोरी भिंत यांवर फोकसचा चौकोन ठेवला तर लेन्स पुढे-मागे फिरत राहते, घुर्र-घुर्र करते आणि थांबत नाही. तेथे धरण्यासारखे काही नसतेच. तोच चौकोन शेरवानीच्या बटणपट्टीवर, ओढणीच्या जरीच्या काठावर किंवा कपाळ आणि टोपी यांच्या शिवेवर ठेवा. त्याच उजेडात फोकस पटकन बसेल. आंधळगाव-मोहाडीकडचा साधा कोसा हाताळणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कोऱ्या पोतावर आपलीही नजर घसरते आणि काठावर जाऊन थांबते.

आणखी एक गंमत आहे. आरसा नसलेले जे नवे कॅमेरे आले आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे फोकसचे बिंदू उभ्या रेघा चांगल्या ओळखतात आणि आडव्या रेघांवर अडखळतात. आमच्या भाषेत सांगायचे तर त्यांना ताणा दिसतो, बाणा दिसत नाही. आडव्या पट्ट्यांच्या कपड्यावर फोकस बसत नसेल, तर कॅमेरा जरा तिरपा करून फोकस धरावा आणि मग सरळ करून फोटो घ्यावा. आरशाच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत मधला बिंदू बहुधा दोन्ही रेघा ओळखणारा असतो. कमी उजेडात त्याच्यावरच विसंबावे, कडेच्या बिंदूंवर नाही.

आपल्याकडच्या समारंभात दोन ठिकाणी कॅमेरा हमखास फसतो. एक, दुल्ह्याचा सेहरा. फुलांच्या सरी चेहऱ्याच्या चार बोटे पुढे लोंबतात, त्यांत फरक भरपूर, म्हणून फोकस त्यांच्यावर बसतो. डोळे ओळखून फोकस धरणारे महागडे कॅमेरेही येथे गोंधळतात, कारण डोळे झाकलेले असतात. दुसरे ठिकाण कव्वालाचे तोंड. त्याच्या पुढ्यात माइक असतो, आणि माइकची जाळी अशी काही स्पष्ट येते की जाहिरात माइकची आहे असे वाटावे. दोन्ही ठिकाणी आपोआप चालणारा मोठा चौकोन बंद करून एकच लहान बिंदू निवडावा आणि चेहऱ्याइतक्याच अंतरावरच्या शिवेवर, म्हणजे कानाजवळ किंवा साफ्याच्या घडीवर ठेवावा. तरीही जमत नसेल तर फोकस हाताने लावावा. पडद्यावर चित्र मोठे करून हाताने फोकस लावणे आज सोपे आहे. जुन्या रीळच्या कॅमेऱ्यात मधल्या वर्तुळात रेघ दुभंगलेली दिसायची आणि ती जुळवावी लागे. त्या वेळचे कारागीर कुर्त्याची बटणपट्टी शोधायचे, ते याच कारणाने.

खुतब्याच्या वेळी फ्लॅश मारू नका, असे काझीसाहेब सांगतात आणि ते योग्यच आहे. मग उरतो मंडपाचा उजेड आणि लेन्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स पुढे ताणली की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ १.८ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस धरताना लेन्स पूर्ण उघडी असते, त्यामुळे या उजेडाचा फायदा फोकसलाही होतो. नवा महागडा कॅमेरा कर्जाने घेण्याआधी ही लहान लेन्स घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण या लेन्सची एक किंमत मोजावी लागते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरून, म्हणजे साडेसहा फुटांवरून फोटो घेतला तर जेमतेम सतरा सेंटीमीटर खोलीतलेच स्पष्ट येते. वीतभरही नाही. दुल्हा स्पष्ट आणि शेजारी जरा मागे बसलेले वालिद धुकट, हे त्यामुळेच होते. तीच लेन्स एफ २.८ वर आणून दहा फुटांवर मागे सरकले तर जवळपास दोन फुटांची खोली मिळते आणि दोघेही येतात. एकटा चेहरा असेल तर लेन्स उघडी ठेवा. दोन-तीन माणसे असतील तर मागे सरका आणि एफ २.८ किंवा ४ वर जा. मधल्या बिंदूने जवळून फोकस धरून नंतर कॅमेरा बाजूला फिरवण्याची सवयही येथे नडते. फिरवल्यावर फोकसची पातळी सरकते आणि वीतभर खोलीत तेवढे सरकणे पुरते.

शटरचा हिशेब थोडक्यात असा. बसून सही करणाऱ्यासाठी १/१०० सेकंद चालते, भाषण करणाऱ्यासाठी १/१२५, आणि टाळी वाजवणाऱ्या कव्वालासाठी १/२५० ते १/५००. तेवढे शटर मिळत नसेल तर आयएसओ ३२०० किंवा ६४०० करावा. दाणे दिसतील म्हणून मुले भितात. दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात, हललेला चेहरा जोडता येत नाही. फक्त एक लक्षात ठेवावे. आपल्या विजेचा प्रवाह ५० सायकलचा आहे, म्हणून हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. जास्त शटरवर फोटोत आडवे काळपट पट्टे दिसले तर १/१०० वर यावे, किंवा कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असल्यास ती चालू करावी.

सराव कोठे करावा, असे एका मुलाने आम्हाला विचारले. झाडीपट्टीत राहून हा प्रश्न पडू नये. दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावागावांत रात्री नाटके रंगतात. ज्या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तीच ही. तिकीट काढून बसावे आणि आयोजकांना विचारून फोटो घ्यावेत. दिवे एका जागी, नट मात्र फिरते. निकाहात चुकायची सोय नाही, येथे रात्रभर चुकता येते. नट माइकपाशी येऊन थांबतो आणि संवादाच्या शेवटी क्षणभर स्थिर होतो. तो क्षण ओळखायला शिकलेला मुलगा कव्वालीतही तोच क्षण पकडतो.

थंडीच्या रात्री बाहेरून गार झालेला कॅमेरा गर्दीच्या, वाफेच्या मंडपात नेला की काचेवर दव धरते आणि सगळेच फोटो मऊ येतात. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून मंडपात न्यावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढावा. काच पुसायला कॉटनचे जुने, धुतलेले, मऊ कापड चांगले. नव्या कापडाला कांजी असते, ते वापरू नये.

आणि घरातील वडीलधाऱ्यांचा फोटो घेतला की तेथेच तो पडद्यावर मोठा करून पापणी पाहावी. लहान पडद्यावर सगळेच फोटो स्पष्ट दिसतात. पापणी वेगळी दिसत नसेल तर लाज न बाळगता म्हणावे, “दादीजान, हात पुन्हा एकदा ठेवा.” त्या ठेवतात.